खांबाला धनुर्वाताचं इंजेक्शन

रविवारी सकाळी दुसरा चहा झाल्यावर श्रीधरराव पिंपळखुटे यांना त्यांच्याच अंगणात, त्यांनीच खणलेल्या खड्ड्यात, उजव्या हाताच्या तर्जनीला उंदीर चावला. घटनेत विशेष काही नव्हतं. विमानतळालगतच्या मिहानच्या अलीकडे काळ्या मातीच्या शेतांवर प्लॉट पाडून जी लेआऊट झाली आहेत, तिथे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. माणसं मागाहून आली आणि रजिस्ट्री करून बसली. दुसरा कोणी असता तर त्याने नळाखाली हात धुतला असता, दवाखान्यात जाऊन इंजेक्शन टोचून घेतलं असतं आणि दुपारी वरणभात खाऊन झोपला असता. श्रीधररावांना ती सोय नव्हती. ते 'निर्विघ्न लेआऊट घरगुती शंका समाधान मंडळा'चे संस्थापक अध्यक्ष होते.

श्रीधरराव एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्या कार्यालयात कोणतंही काम कुणी एकट्याने केल्याचं उदाहरण नव्हतं, आणि बऱ्याच कामांच्या बाबतीत तर केल्याचंच नव्हतं. निवृत्तीनंतर लेआऊटमध्ये राहायला आल्यावर त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांचा जीव कळवळला. इथे लोक मनाला येईल ते करत होते. कुणी मुंग्यांच्या वारुळावर उकळतं पाणी ओतत होतं, कुणी भिंतीला खेटून शेवग्याची फांदी रोवत होतं, आणि एका बाईंनी तर नवऱ्याची उचकी कुणालाही न विचारता साखर देऊन थांबवली होती. हा बेबंद कारभार थांबवण्यासाठी त्यांनी मंडळ काढलं. मंडळाची बैठक मोकळ्या जागेतल्या कडुनिंबाखालच्या बाकावर भरायची. वरून विमान गेलं की त्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नसे, आणि ती दोन मिनिटं बैठकीतली सगळ्यांत समंजस असत.

मंडळाचे नियम थोडे पण पक्के होते. घरगुती शंका असेल तर ती मंडळापुढे मांडायची. कुणीही परस्पर इलाज करायचा नाही. केलाच, तर त्या घराला मंडळाच्या रोडग्यांच्या जेवणातून वगळायचं. ही शिक्षा कुणाला हलकी वाटत असेल, तर त्याने गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची झणझणीत भाजी शेजारच्या अंगणात वास घेत बसून न खाऊन पाहावी.

दुसरा नियम न्यायाचा होता. पूर्वी लोक चटकदार प्रश्नाला आधी उत्तर द्यायचे आणि साधे प्रश्न तसेच पडून राहायचे. इंदूबाईंच्या लोणच्यावरची बुरशी अशीच दुर्लक्षित राहून इतकी वाढली की शेवटी बरणीसकट ती टाकून द्यावी लागली. त्यावर श्रीधररावांनी नियम केला: पहिल्या प्रश्नाला पहिलं उत्तर, दुसऱ्याला दुसरं. कुणाचाही वशिला चालणार नाही. शिवाय फुकटचे सल्ले देणाऱ्यांना आळा बसावा म्हणून जो उत्तर देईल त्यानेच स्वतः येऊन ते करून द्यायचं, असंही ठरलं. कोणाची हरकत असेल तर ती नवीन प्रश्न समजून रांगेत शेवटी लावायची. हे नियम श्रीधररावांनी स्वतः लिहिले होते आणि लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचले होते.

तेव्हा उंदीर चावला तशी त्यांची पत्नी यमुताई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी श्रीधररावांचं मनगट धरून त्यांना नळाकडे ओढलं, ते चुकीचंच होतं.

"अहो, आधी धुवा तो हात. रक्त निघून राहिलं."

"थांब. परस्पर काही करू नकोस."

"उंदीर परस्परच चावला ना?"

"उंदीर सभासद नाही," श्रीधरराव म्हणाले आणि बोटाला रुमाल गुंडाळून कडुनिंबाकडे निघाले.

यमुताई तिथेच उभ्या राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाची काळजी त्यांना अजूनही वाटायची, आणि त्याचाच त्यांना अधिक राग यायचा. आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला आणि साबणाची नवी वडी हातात घेऊन त्या नवऱ्याच्या मागोमाग गेल्या.

आता तो खड्डा तिथे का होता, हे सांगायला हवं. श्रीधररावांच्या जास्वंदी मोकाट गाई खाऊन जायच्या, म्हणून त्यांना तारेचं कंपाउंड घालायचं होतं. सिमेंटचे खांब आले. खांब किती खोल रोवावा, हा प्रश्न त्यांनी नियमाप्रमाणे मंडळापुढे ठेवला आणि मंडळाने चाचणी म्हणून एक खड्डा खणायची मंजुरी दिली. त्यानंतर चर्चा सुरू झाली. चंपतराव गावंडे यांचं म्हणणं पडलं की खांब दोन हात तरी आत हवा. चंपतरावांची नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग होती आणि तिचं कुंपण दरवर्षी पडायचं, त्यामुळे खांब रोवण्याचा अनुभव त्यांच्याइतका लेआऊटमध्ये कुणालाच नव्हता. बाकीच्यांचं मत वेगवेगळं होतं. खड्ड्यात गिट्टी आधी की मुरूम आधी, यावर तर दोन घरांचं बोलणं बंद झालं. खड्डा उघडाच राहिला, आणि उघडी जागा दिसली की ती कोण बळकावतं हे लेआऊटमध्ये राहणाऱ्याला नव्याने सांगायला नको. या वेळी उंदराने बळकावली. त्या रविवारी श्रीधररावांनी खोली मोजायला हात घातला, तेव्हा उंदराने आपला ताबा दाखवून दिला.

बाकावर मंडळाचे सचिव दत्तोपंत आधीच बसले होते. त्यांचा डावा गाल सुजला होता, तोंडात लवंग होती आणि मफलर हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधला होता. दत्तोपंतांची दाढ गेले कित्येक दिवस ठणकत होती. दाढेचा प्रश्न खांबाच्या प्रश्नानंतर लगेच लागलेला होता आणि ते खांबाचा निकाल लागण्याची वाट पाहत तिथेच बसून असत. दंतवैद्याकडे जाणं म्हणजे परस्पर इलाज झाला असता, आणि रोडग्यांचं जेवण पुढच्याच रविवारी होतं.

"दत्तोपंत, तातडीचा विषय आहे," श्रीधररावांनी बोट पुढे केलं.

"माझ्या दाढेनंतर," दत्तोपंत लवंग न हलवता म्हणाले.

"अहो, पण हे बोट आहे."

"ही दाढ आहे."

श्रीधरराव घाबरले होते. बोट आता चांगलंच ठणकत होतं. उंदीर चावून काय काय होतं याच्या लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टी त्यांना एकदम आठवत होत्या. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना रांगेत उभं केलं, त्याला रांगेतून पुढे जाण्याची एक वाट नेहमीच ठाऊक असते. त्यांनी घसा खाकरला.

"उंदीर कुठे चावला? खांबाच्या खड्ड्यात. खड्डा नसता तर चावा नसता. म्हणजे हा स्वतंत्र प्रश्न नाही, खांबाचा उपप्रश्न आहे. खांबाला जोडून घ्यावा लागेल. पहिला खांब, त्याला लागून बोट, मग तुमची दाढ."

दत्तोपंतांनी त्यांच्याकडे पाहिलं. वशिला चालणार नाही हा नियम ज्याने दोनदा मोठ्याने वाचला होता, तोच माणूस समोर उभा होता. पण अध्यक्षांचा शब्द होता. "जोडून घेतो," ते म्हणाले, आणि त्यांनी लवंग उजव्या दाढेखाली घेतली. ते असं रागावल्यावरच करत.

तोवर बातमी पसरून माणसं जमली. चावला तो उंदीर की घूस, यावर थोडी वादावादी झाली. शेपटी कुणी पाहिली का, अशी विचारणा झाली. तेवढ्यात चंपतरावांची सून कामिनी रात्रपाळी आटपून स्कूटीवरून आली. ती वर्धा रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. गर्दी पाहून तिने गाडी थांबवली, बोट पाहिलं आणि हेल्मेटही न काढता सांगून टाकलं.

"काका, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. घट्ट काही बांधायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं अन् डॉक्टरले दाखवायचं. एवढंच हाय. काहून बसून राहिले सगळे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळाच्या इतिहासात एखादं उत्तर एकमताने मंजूर होण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि काही ज्येष्ठ सभासदांना थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.

सुनेचं उत्तर मंजूर होतं आणि आपलं दोन आठवडे लोंबकळतं, हे चंपतरावांना सहन झालं नाही. ते उठून उभे राहिले. "आता माह्यं ऐका. खांबाची एक तिहाई जमिनीत. बुडाले डांबर फासाचं, ओल लागू नये म्हणून. चारी बाजूनं गिट्टी-सिमेंट भराचं. ओळंबा लावून सरळ करा, दोन्हीकडून टेकू द्या अन् सात दिवस दोन टाइम पाणी मारा. हालवाचं नाही. हाललं तं म्या नाही जबाबदार." काळ्या मातीत यापेक्षा वेगळं काही करण्यासारखं नव्हतंच. शिवाय भूक लागायला आली होती. तेही मंजूर झालं.

दत्तोपंत उभे राहिले. त्यांनी मफलरची गाठ सैल केली आणि निकाल वाचला. "पहिल्या प्रश्नाला पहिलं उत्तर. खांब साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुण्यात यावा. त्यास घट्ट काही बांधू नये. त्यास धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन डॉक्टरांस दाखवावं. उपप्रश्नाला दुसरं उत्तर. बोटाचा एक तृतीयांश भाग सिमेंटमध्ये रोवावा, ओळंब्याने सरळ करावा, दोन्हीकडून टेकू द्यावेत आणि सात दिवस पाणी मारावं. हालवू नये."

वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत श्रीधररावांनी रुमालातलं बोट पाठीमागे नेलं.

"दत्तोपंत," श्रीधरराव हळूच म्हणाले, "अहो, ते धुण्याचं उत्तर बोटाचं आहे."

"ही हरकत समजायची का?"

"हो."

"हरकत म्हणजे नवीन प्रश्न. दाढेनंतर लावतो."

"पण नियमातच चूक होऊन राहिली ना ही. नियम दुरुस्त करू."

"दुरुस्तीची मागणी म्हणजे आणखी एक नवीन प्रश्न. तो हरकतीनंतर." दत्तोपंतांच्या सुजलेल्या गालावर इतक्या दिवसांत प्रथमच थोडा आराम दिसला. "मंजूर उत्तराची अंमलबजावणी झाल्याशिवाय पुढचा प्रश्न घेता येत नाही, अध्यक्षमहाराज. हे वाक्य आपलंच आहे."

वाक्य त्यांचंच होतं. श्रीधररावांनी जमलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. एक शब्द टाकून मंडळ बरखास्त करावं आणि धावत दवाखाना गाठावा, असं त्यांना फार वाटलं. पण मग ज्यांच्या उचक्या, बुरशा आणि मुंग्या त्यांनी आजवर रांगेत ठेवल्या होत्या, त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं? त्यांनी यमुताईंकडे पाहिलं. यमुताई कामिनीकडे पाहत होत्या. कामिनी हेल्मेट काढत होती.

"खांब कोणी धुवायचा?" यमुताईंनी विचारलं.

"उत्तर देणाऱ्याने," दत्तोपंत म्हणाले.

"म्या सांगितलं, खरं हाय," कामिनी म्हणाली, "पण मी पाणी धरतो. खांब ज्याचा त्यानंच घासला पाहिजे. पेशंटले घरच्या माणसानं हात लावलेला बरा असते."

याला नियमात बंदी नव्हती. अंगणात खांब आडवा ठेवला गेला. यमुताईंनी साबणाची वडी दिली आणि श्रीधररावांनी वाहत्या पाण्याखाली, दोन्ही हातांनी, पंधरा मिनिटं खांब घासला. कामिनी नळी धरून उभी होती. पाणी खांबावर कमी आणि श्रीधररावांच्या उजव्या हातावर जास्त पडत होतं. तिने एकदा दत्तोपंतांना वेळ विचारली आणि आणखी थोडं घासायला लावलं. पंधरा मिनिटांनी खांब असा निघाला की लेआऊटमधल्या काही सभासदांच्याही अंगावर तेवढी चकाकी नव्हती.

मग इंजेक्शन. कामिनी दवाखान्यातून डबा घेऊन आली. खांबाला दंड नसल्यामुळे सुई कुठे टोचायची, यावर चंपतराव बोलायला उठले, पण सुनेने त्यांना "मामाजी, तुमचं सिमेंट वाळून राहिलं" असं सांगून बसवलं. तिने खांबाच्या वरच्या भागावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सुई टेकवली. सुई वाकली. "लागलं," कामिनी म्हणाली, आणि दत्तोपंतांनी ते नोंदवलं. खांबाने हूं की चूं केलं नाही, याबद्दल पाहणाऱ्यांत कौतुकाची कुजबुज झाली.

डॉक्टरांना दाखवण्यासाठी खांब चंपतरावांच्या संत्र्याच्या गाडीतून चौकातल्या दवाखान्यात नेला. सोबतीला मालक म्हणून श्रीधरराव, नातेवाईक म्हणून यमुताई आणि पाहणीला दत्तोपंत. डॉक्टरांच्या टेबलासमोर त्या दिवशी इतकी गर्दी होती की त्यांनी मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

"हा," दत्तोपंत खांबाकडे बोट दाखवून म्हणाले.

"काय झालं?"

"उंदीर चावला," यमुताई पटकन म्हणाल्या.

"ताप?"

"अंग थंड आहे," दत्तोपंतांनी हात लावून सांगितलं.

"जेवण?"

"काहीच घेत नाही."

डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, रक्त तपासायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. खांबाला गोळी गिळता येत नसल्यामुळे गोळ्यांची पुडी यमुताईंनी पदरात बांधली. त्या कुणी गिळल्या, हे पुढे पाच दिवस श्रीधररावांनाही कळलं नाही. सकाळ-संध्याकाळ पोळीच्या पहिल्या घासात काहीतरी कडू लागतं, एवढीच त्यांची तक्रार होती, आणि तीही त्यांना मंडळापुढे मांडता येत नव्हती.

परत आल्यावर उपप्रश्न. चंपतरावांनी सिमेंट कालवून ठेवलं होतं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असा खांब मिळाला होता जो पडला असता तर ओरडला असता, त्यामुळे ते मन लावून काम करत होते. संत्राबर्फीचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा साचा म्हणून घेतला. बोटाचा एक तृतीयांश म्हणजे नेमकं एक पेर. निसर्गाने बोटाची पेरं मंडळाच्या सोयीनेच पाडली आहेत, असं दत्तोपंत म्हणाले. चावा त्याच पेरावर होता. डांबराचा डबा उघडला गेला, तशी कामिनी पुढे झाली.

"मामाजी, डांबर काहून लावता? ओल लागू नये म्हणून ना? मंग रबराचा मोजा घालतो. ओलच लागत नाही." तिने जखमेवर औषध लावून सैल पट्टी ठेवली आणि वरून रबरी हातमोज्याचं बोट चढवलं. चंपतरावांना हे फारसं पटलं नाही, पण उत्तराचा अर्थ सुटत नव्हता, आणि सुनेशी वाद म्हणजे रात्रीच्या भाकरीशी वाद होता.

श्रीधररावांनी तर्जनी खाली रोखून डब्यात धरली. चंपतरावांनी सिमेंट भरलं, गिट्टी ठोकून बसवली, ओळंबा लावला. "जरा उत्तरेले झुकून राहिले तुमी," ते म्हणाले. श्रीधरराव सरळ झाले. टेकू म्हणून उजव्या बाजूला यमुताई आणि डाव्या बाजूला कामिनी उभ्या राहिल्या; दोघींनी त्यांचे दंड घट्ट धरले. सिमेंट आळायला लागलं. त्याच वेळी वरून विमान आलं, सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि श्रीधररावांना डाव्या दंडात एक बारीक कळ गेली.

त्यांनी मान वळवली. कामिनी आकाशाकडे पाहत होती. यमुताईही आकाशाकडे पाहत होत्या, पण त्यांचा एक हात मागून येऊन नवऱ्याचा डावा दंड हलका चोळत होता. श्रीधररावांच्या सगळं लक्षात आलं. हा उघडउघड परस्पर इलाज होता. अध्यक्ष म्हणून त्यांनी तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी होती. पण हरकत दत्तोपंतांच्या दाढेनंतर, आधीच्या हरकतीच्या आणि दुरुस्तीच्याही मागे लागली असती. तेव्हा ते गप्प राहिले, आणि नियमाचा आपल्याला असा कधी फायदा होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. घरी यमुताई पाणी मारायला बसल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बरं झालं तू होतीस." यमुताईंनी पाण्याचा तांब्या जरा जास्तच वाकडा केला.

पुढचे सात दिवस श्रीधरराव डबा मांडीवर घेऊन बाकावर बसत. बोटाला ना सूज आली, ना ताप आला. मंडळाने याची गंभीर दखल घेतली. उंदीर चावल्यास सिमेंट हा उपाय खात्रीचा असल्याचं ठरलं, आणि इंजेक्शन दिलेला खांब उरलेल्या सिमेंटात त्या खड्ड्यात रोवल्यावर सरळ उभा राहिला म्हणून बाकीच्या खांबांनाही ते द्यावं असा विचार पुढे आला. बुटीबोरीच्या एका लेआऊटमधून दोन माणसं हे सगळं पाहायला येऊन गेली. त्यांनी खांबाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि श्रीधररावांच्या डब्याला हात लावून पाहिला. खांबाला पाहायला रोज माणसं येत होती. उंदीर दुसऱ्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात राहायला गेला होता.

रविवारी रोडग्यांचं जेवण मांडलं गेलं. गोवऱ्यांचा धूर अंगणात फिरत होता, वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग तरंगत होता, आणि पानावर तुपाने ओथंबलेले दोन रोडगे फोडायला तयार होते. श्रीधरराव पंगतीत पहिल्या पानावर बसले. त्यांच्या उजव्या हाताला संत्राबर्फीच्या डब्याच्या आकाराचा सिमेंटचा ठोकळा होता. ज्या जेवणासाठी त्यांनी हे सगळं सोसलं होतं, ते समोर होतं आणि हात तिथवर पोचत नव्हता. डाव्या हाताने जेवणं त्यांना मान्य नव्हतं, आणि घरी यमुताई भरवत तसं पंगतीत भरवून घेणं अध्यक्षांना शोभणारं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं आहे असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

"माझा प्रश्न आहे," ते म्हणाले. "हे बोट यातून बाहेर कसं काढायचं?"

पंगतीतल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं. लहान पोरालाही कळलं असतं. चंपतरावांनी घास ठेवला आणि तोंड उघडलं. "अरे, त्याले काय लागते, एक..."

"थांबा," दत्तोपंत किंचाळले. ते उठून उभे राहिले होते. त्यांचा मफलर सुटला होता, आणि सुजलेला गालसुद्धा पांढरा पडला होता. "कोणीही उत्तर देऊ नका. एक शब्द बोलू नका. रांगेत माझी दाढ पहिली आहे."

चंपतरावांनी तोंड मिटलं. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. दाढेला कुणाकडेच उत्तर नव्हतं. लवंगेच्या पलीकडे कुणाची मजल गेली नव्हती. बोटाचं उत्तर मात्र सगळ्यांच्या जिभेवर होतं. आणि पहिल्या प्रश्नाला पहिलं उत्तर. रोडगे निवत होते, तूप थिजत होतं, दत्तोपंत एकेका चेहऱ्याकडे पाहत होते, आणि कुणीही, अगदी श्रीधररावसुद्धा, एक अक्षर बोलत नव्हतं. ते उत्तर काय ते आम्हीही इथवर लिहिलेलं नाही.

पण तुम्ही ते मनातल्या मनात म्हणालात. छिन्नी अन् हातोडा.

दत्तोपंतांनी तुमच्याकडे वळून पाहिलं. सचिव या नात्याने त्यांना ते दाढेपुढे नोंदवावं लागलं. आता नियमाप्रमाणे ते करूनही उत्तर देणाऱ्यानेच द्यायचं असतं. या, हात धुऊन घ्या. दत्तोपंतांनी तोंड उघडलं आहे.